फेटा बांधून मशीन चालत न्हाई

शिवमूर्ती अप्पाला बंगई पाहिजे होती. बास, एवढंच. कोणाला मोटार पाहिजे असती, कोणाला भिंतीएवढा टीव्ही पाहिजे असतो, अप्पाला एक लाकडी फळी पाहिजे होती. अंगणातल्या पत्र्याखाली साखळ्यांवर टांगलेली, पडलं की पाय पुरते लांब करता येतील अशी, आन दुपार जिच्यावरून हळूहळू, कोणाला काही न विचारता निघून जाईल अशी. अख्खी नोकरी त्यांनी जिंतूरला एसटीच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. तिथं माणूस जरा पेंगला की काचेवर कोणीतरी नाणं वाजवायचं आन विचारायचं, परभणी गेली का? रिटायर झाले तरी दुपारी डोळा लागला, आन घरात कुठं ताटली जरी वाजली, की अप्पा झोपेतच बोलायचे, "गेली, गेली. आता मागची बघा."

लाकूड तयार होतं. बायकोच्या, म्हणजे मल्लम्माच्या माहेरी पिंगळीला शेतात एक आंबा होता. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तवा अप्पा जेवून त्याच्याखाली आडवे झाले. बाजूनं रेल्वे गेली, वानरं अंगावर कैऱ्या टाकून गेली, सासरे दोनदा हाक मारून गेले, अप्पा उठले न्हाईत. उभ्या जन्मातली ती एकच झोप त्यांना झोप म्हणून आठवती, बाकीच्या सगळ्या डुलक्या. गेल्या वैशाखात असं वावधान सुटलं की पत्रे उडाले आन तो आंबा बी मुळासकट पडला. मेव्हण्यानं खोडाची एक जाड फळी पाडून पाठवली. अप्पानं वाकून फळीला नाक लावलं आन डोळे मिटले. मल्लम्मा म्हणली, माझ्या बापाच्या पाया पडताना बी तुमी एवढे वाकले नव्हते.

आता कोणी म्हणंल, सुताराला बोलवायचं, मोकळं व्हायचं. बोलवलं बी असतं. पण मधी फोन आला.

लेक त्रिवेणी डोहाळजेवणाला माहेरी आलती. सासर बोरीचं. तिचे सासरे शिवकांतअप्पा, म्हणजे आपल्या अप्पाचे व्याही, मोठ्या जमिनीचे आन त्याहून मोठ्या आवाजाचे. ते फोनवर म्हणले, पोरीला बसवायला झोपाळा लागंल, आमचा सुतार पाठवून देतो, तुमी आपला आराम करा. आता ह्यात वाईट काय हाय? काहीच न्हाई. पण 'तुमी आराम करा' हे वाक्य अप्पाच्या असं वर्मी लागलं की जसं काय त्यांनी जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं. अप्पा चौकशीच्या खिडकीतल्या आवाजात म्हणले, "माझ्या लेकीची बंगई मी माझ्या हातानं करणार."

बोरीला गेलेल्या शब्दाला परतीची गाडी न्हाई. दुसऱ्या दिवशी सगळ्या बोरीला माहीत होतं की जिंतूरचे व्याही स्वतः सुतारकाम करायलेत, आन शिवकांतअप्पा डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशीच बघायला येणार हायेत.

मग मशीन आलं. पार्सलनं, मोठ्या खोक्यात. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध फट, फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं. बटन दाबलं की पातं फिरायचं, आन फळी ढकलली की कापत जायचं. खोकं फोडायला शेजारचे बन्सीधर न बोलवता आले. बन्सीधरचं सरकी-पेंडीचं दुकान हाय, पण खरा धंदा सल्ल्याचा. त्यांच्या अंगणात कधी साधी खुंटी कोणी ठोकलेली न्हाई, पण दुसऱ्याच्या अंगणात ताजमहाल कसा बांधायचा ते त्यांना बराबर ठाऊक असतं. पात्यावर एक काचेसारखं प्लॅस्टिकचं झाकण होतं. बन्सीधर म्हणले, हे पॅकिंग हाय, प्रवासात पात्याला धक्का लागू नये म्हणून, काढून टाका. काढलं. एक वाकडी प्लॅस्टिकची काठी निघाली. ती बी पॅकिंग. डोळ्याला लावायचा मोठा चष्मा निघाला, कानात घालायचे बोळे निघाले. बन्सीधर म्हणले, कंपनीवाले काय बी खामखा भरतेत.

घरात मात्र काही वाया जात न्हाई. झाकण दुधाच्या पातेल्यावर बसलं. काठी मांजर हाकलायला दाराशी गेली. चष्मा त्रिवेणीनं कांदा चिरायला घेतला. कानातले बोळे तेवढे अप्पानं स्वतःकडं ठेवले, बन्सीधर बोलायला बसले की कामाला येतील म्हणून.

अप्पा साधा माणूस असला तरी बेफिकीर न्हाई. ज्याच्या एका हाकेवर अख्खा स्टँड हलायचा त्याला, चाक फिरायच्या आधी माणसं बाजूला करावी लागतेत, एवढं कळतं. त्यांनी मोबाईलवर शोधून शोधून एक व्हिडिओ काढला. त्यात पांढऱ्या मिशीचा एक म्हातारा मिस्त्री हिंदीतून मशीन कसं चालवायचं ते सांगायचा. सांगायचा काय, अंगाई म्हणायचा. असा संथ, असा मऊ आवाज की ऐकताना कोणीतरी डोक्याला तेल लावायलंय असं वाटावं. अप्पा जेवून खाटेवर पडायचे, मोबाईल छातीवर उभा करायचे आन म्हातारा बोलायला लागायचा. झाकणाशिवाय पातं फिरवायचं न्हाई. बोटं पात्याजवळ न्यायची न्हाईत, शेवटचा टप्पा काठीनंच ढकलायचा. पातं फळीच्या वर जरासंच डोकवावं. लोंबतं काही अंगावर नको, उपरणं नको, माळ नको, मोकळी बाही नको. आन पात्याच्या सरळ रेषेत मागं कोणी उभं राहायचं न्हाई, फळी बिथरली तर गोळीसारखी मागं येती.

हे शेवटचं तर अप्पाला लगेच पटलं. मागं येणाऱ्या गाडीच्या मागं उभं राहायचं नसतं, हे ते जन्मभर भोंग्यावर सांगत आले होते आन जन्मभर कोणी ऐकलं नव्हतं. म्हातारा पुढं म्हणायचा, आता शेवटचा नियम, सगळ्यात महत्त्वाचा. तोवर अप्पाचे डोळे मिटलेले असायचे. पत्र्यावर ऊन तडतडायचं, आन अप्पा पिंगळीच्या आंब्याखाली असायचे. आंबा बंगईसारखा हलायचा, बंगई गाडीसारखी चालायची, खिडकीतून ऊस दिसायचा, कापूस दिसायचा, आन कोणी तिकीट मागायचं न्हाई. रोज असंच. शेवटचा नियम काय हाय ते अप्पाला कधी ऐकायला मिळालंच न्हाई.

बाकीचे मात्र पाठ झाले. अप्पानं दुधावरचं झाकण काढून आणलं. त्याच्यावर साय होती, ती पुसली. मल्लम्मा म्हणली, आता दुधावर काय झाकू, तुमचा मोबाईल? काठी दारातून उचलली, तर मांजर येऊन निवांत उंबऱ्यावर बसलं. चष्म्याला कांद्याचा वास लागलेला होता, तो गेलाच न्हाई, घातला की डोळ्यात पाणी यायचं. मग अप्पानं मशीनच्या मागं चुन्यानं दोन रेघा मारल्या, थेट फाटकापर्यंत, आन जाहीर केलं की ह्या पट्ट्यात कोणी थांबू नये. बन्सीधरनं आपली प्लॅस्टिकची खुर्ची बराबर त्याच पट्ट्यात आणून टाकली. म्हणले, इथं वारा चांगला लागतो. अप्पानं तीनदा हटकलं. बन्सीधर म्हणले, "मशीन चालू झालं की उठतो की. चालू कुठं झालंय अजून?"

त्यात त्यांचं बी खरं होतं. मशीन चालू होत नव्हतं, कारण मधी योगीराज आले.

गावात बोभाटा झालता की अप्पानं घरात आरागिरणी टाकली. बोभाटा कोणी केला ते सांगायला नको, खुर्ची कोणाची होती ते वर सांगितलंय. तर एका कचेरीतून योगीराज नावाचे बाबू कागद घेऊन आले. त्यांनी मशीन बघितलं, फळी बघितली आन कागदावरचा रकाना वाचला, यंत्र बसवण्याचा उद्देश. अप्पा म्हणले, झोपणे. योगीराजनं मान वर केली.

"झोपायला आरा मशीन लागती का?"

"बंगई करायचीय. बंगईवर झोपायचंय."

योगीराजनं कागद उलटापालटा करून बघितला. गिरणी, कारखाना, दुकान, सगळ्याला रकाने होते, झोपेला रकाना नव्हता. ते म्हणले, वरून विचारून सांगतो, तवर हात लावायचा न्हाई. मग ते गेले ते गेलेच. डोहाळजेवण जवळ यायलंय, बोरीहून फोनवर फोन यायलेत, बंगई झाली का, आन अप्पा मशीनवर चादर टाकून बसलेत. मल्लम्मा एकदा म्हणली, बाजारातून प्लॅस्टिकचा झोका आणू, वर फुलं लावली की कोणाला कळतंय? अप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले न्हाईत.

योगीराज परत आले ते भर दुपारी. म्हणले, वरून आलंय की प्रत्यक्ष पाहणी करा. काय पाहणी करायची ते वरून आलं नव्हतं. त्यांनी फळीवर हात फिरवला, टिचकी मारून बघितली, दोन स्टुलांवर आडवी टाकायला लावली, आन वजन पेलती का बघतो म्हणून वर पडले. पडले ते झोपले. आंब्याचं लाकूडच तसं होतं, त्यात मुरलेली सावली अजून गेली नव्हती. मल्लम्मानं चहा केला, गार झाला, परत केला. उन्हाची तिरीप त्यांच्या पायावरून सरकत सरकत फाटकाबाहेर गेली तवा साहेब उठले. केस बसवले. कागदावर लिहिलं, आक्षेपार्ह काही आढळले नाही. आन जाताना हळूच म्हणले, "अप्पा, उरलेल्या फळीचं काय करणार?"

मंजुरी आली, पण हातातले दिवस वाया गेले. उद्या डोहाळजेवण, आज मशीनला पहिला हात. मल्लम्मानं मशीनवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, पात्याला नाडा बांधला, झाकणाला झेंडूचा हार घातला, वर लिंबू-मिरची लटकवली. मशीन नवरदेवासारखं दिसायला लागलं. अप्पानं हात जोडले आन मग एकेक करून सगळं उतरवून देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. लोंबतं काही नको. मल्लम्मा म्हणली, देवाचं बी नको? अप्पानं स्वतःच्या गळ्यातला शिवदारा, म्हणजे लिंगाचा दोरा, सदऱ्यात खोल सारला, बाह्या वर चढवल्या, कांद्याचा चष्मा घातला, आन रडक्या डोळ्यानं म्हणले, देवाचं आधी.

बटन दाबलं. सूंऽऽ करून पातं फिरायला लागलं. बन्सीधर खुर्चीवरून उठून बाजूला झाले, एवढी अक्कल त्यांना होती. अप्पानं फळी लावली. आन काय सांगावं, लोण्यातून सुरी जावी तशी फळी जायला लागली. भुसा उन्हात उडायला लागला, सोन्यासारखा, आन सगळ्या अंगणात कच्च्या कैरीचा वास आला. अप्पा अर्धे जागे, अर्धे पिंगळीला. फळी निम्मी गेली, आन लाईट गेली.

पातं मंद होत होत थांबलं. फळी पात्यात तशीच अडकून राहिली. बन्सीधर परत खुर्चीवर बसले, म्हणले, आता येती का संध्याकाळ करती बघा. अप्पा फळी मागं ओढू की पुढं ढकलू ह्या विचारात होते, तेवढ्यात फाटकात जीप थांबली.

शिवकांतअप्पा उतरले. पांढरंशुभ्र धोतर, हातात नारळ, आन काखेत गुलाबी फेट्याचं लांबच लांब कापड. हात जोडून शरणु शरणार्थी म्हणून झालं, पाणी झालं. व्याह्यानं निम्मी कापलेली फळी बघितली आन त्यांचा चेहरा खुलला. खरंच खुलला, उगं कशाला खोटं बोला. ते म्हणले, मला वाटलं तुमी नुसतं बोलता, पण तुमी तर कारागीर निघाला. आन तिथंच, मशीनच्या बाजूला, त्यांनी फेटा उलगडायला घेतला. आपल्याकडं व्याह्यानं बांधलेला फेटा म्हणजे काय ते सांगायला नको. तो व्याही घरी जाईस्तोवर उतरवायचा नसतो. त्याचा शेमला कमरेपर्यंत लोंबत असतो, आन जेवढा लांब शेमला तेवढा मोठा मान.

"व्याही, डोकं खाली करा," शिवकांतअप्पा म्हणले. "फेटा बांधून फळी कापा. आमाला बोरीत फोटो दाखवायचाय."

अप्पानं डोकं खाली केलं न्हाई. ते म्हणले, आधी कापून होऊ द्या, मग बांधा, दोन बांधा. व्याही म्हणले, मान आधी असतो, काम नंतर. बन्सीधर मधी पडले, म्हणले शेमला सदऱ्यात कोंबता येईल. मल्लम्मा दारातून डोळ्यानं खुणवायली होती, घ्या बांधून, घ्या बांधून. अप्पाला बी ते कळत होतं. पण व्हिडिओतल्या म्हाताऱ्याचा मऊ आवाज कानात बसलेला होता. आन अप्पाच्या तोंडून, खिडकीतून यायचा तसा, भोंग्याचा आवाज आला.

"फेटा बांधून मशीन चालत न्हाई."

"म्हणजे आमचा फेटा मशीनच्या आड यायलाय?"

"येतो."

शिवकांतअप्पाचे कान फेट्यासारखे गुलाबी झाले. ते म्हणले, आमच्या बापजाद्यानं फेटा बांधून तलवारी चालवल्या. त्यांच्या बापजाद्यानं तूर आन कापसाशिवाय काही चालवल्याचं कोणाला माहीत नव्हतं, पण ती वेळ विचारायची नव्हती. ते तरातरा मशीनपाशी गेले, झाकण वर केलं, बघू तर खरं काय खातंय हे, म्हणून पात्याकडं रागानं बघितलं, आन उलगडलेला फेटा तसाच मशीनवर टाकून दिला. टेबल दिसलं की माणूस त्याच्यावर काहीतरी ठेवतोच, त्याला कोण काय करणार. मग फाटकाकडं चालायला लागले.

"त्रिवेणीला म्हणावं, बॅग भर. डोहाळजेवण बोरीत होईल. आमच्या सुताराच्या झोपाळ्यावर."

सगळं घर त्यांच्यामागं धावलं. मल्लम्मा धावली, अवघडलेली त्रिवेणी कमरेवर हात ठेवून आली, बन्सीधर सुद्धा भांडण जवळून बघायला मिळावं म्हणून खुर्ची सोडून धावले. सगळे जीपच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला, व्याह्याच्या विनवण्या करायलेत. फक्त अप्पा पत्र्याखाली उभे. त्यांना दिसत होतं, सगळं संपलं. बंगई गेली, मान गेला, लेक चालली. आन नेमका तवाच घरातला पंखा हळूच फिरायला लागला. अप्पाला वाटलं, बरं झालं, लाईट तरी आली.

सूंऽऽ.

पुढचं अप्पाला नंतर बी नीट सांगता आलं न्हाई. एवढंच आठवायचं की अख्खा फेटा, सापानं बिळात जावं तसा, सर्रकन पात्यात गेला. पात्यानं हिसका दिला आन अडकलेली फळी सुटली. ती मागं निघाली, चुन्याच्या दोन रेघांच्या मधून, आखून दिल्यासारखी, आन बन्सीधरच्या खुर्चीच्या पाठीतून आरपार जाऊन फाटकाच्या खांबावर आदळली. अप्पानं बाजूनं हात घालून बटन बंद केलं. मग एकदम शांत. गुलाबी चिंध्या वर उडाल्या होत्या, त्या सावरीच्या कापसासारख्या तरंगत तरंगत खाली यायल्या. एक व्याह्याच्या खांद्यावर बसली.

बन्सीधरनं जाऊन खुर्चीच्या भोकात हात घालून बघितला. त्यांच्याजवळ त्या वक्ताला कुठलाच सल्ला नव्हता.

शिवकांतअप्पानं खांद्यावरची चिंधी उचलली. हातात धरून बघितली. मग अप्पाच्या डोक्याकडं बघितलं, परत चिंधीकडं. आवाज एवढा बारीक झाला की तो त्यांचाच हाय असं वाटंना.

"हा मी तुमच्या डोक्याला बांधायलतो."

आता अप्पानं गप बसायचं होतं. कोणाला काही कळलं नसतं, पिढ्यानपिढ्या मान राहिला असता. पण गाडी चुकीच्या फलाटाला लागली तर तसं भोंग्यावर सांगावं लागतं, ती खोड हाडात मुरलेली.

"फेट्याचं माझं बराबर होतं," अप्पा म्हणले. "पण बटन मी बंद केलं नव्हतं. लाईट गेली तवा चालूच राहिलं."

"का बरं?"

"शेवटचा नियम मला ठाऊक न्हाई. तिथं आलं की मला झोप लागती."

आधी व्याह्याचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आन मग बोरीपर्यंत जाईल असं हसू आलं. हसता हसता ते फाटकाच्या पायरीवर बसले. म्हणले, लावा बरं तो व्हिडिओ. सगळ्यांनी उभ्यानं बघितला, बसलं की डोळा लागतो म्हणून. म्हातारा आपला बोलत गेला, बोलत गेला, मल्लम्मा उभ्या उभ्या डुलायला लागली, तिला त्रिवेणीनं चिमटा काढला. आन शेवटी आला तो नियम. लाईट गेली, काम थांबलं, कोणी आलं, कोणी हाक मारली, तर आधी बटन बंद, मग प्लग काढायचा, मग बाकी दुनिया.

"बघा," शिवकांतअप्पा म्हणले, "मला पाणी द्यायच्या आधी तुमी प्लग काढायचा होता."

फळी निम्म्यातून फाटली होती. धड तुकडा निघाला तो एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढाच. अप्पाचे लांब केलेले पाय त्या फाटक्या निम्म्यात गेले. पण रडत बसायला वेळ नव्हता. दिवस मावळायच्या आत अप्पानं तो तुकडा सरळ करून घेतला, झाकण लावून, काठीनं ढकलून. शिवकांतअप्पा धोतराचा सोगा खोचून, गळ्यातली साखळी खिशात घालून बाजूला उभे, आन त्या पट्ट्यात मांजर जरी आलं तरी असे ओरडायचे की मांजर परत उंबऱ्यावर दिसलंच न्हाई. मग प्लग काढून अप्पानं वायर हातात गुंडाळली, आन तवा कुठं व्याह्यानं बाजारातून आणलेला दुसरा फेटा त्यांच्या डोक्याला बांधला.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली बंगई टांगली. आखूड, फुलांनी झाकलेली. त्रिवेणी हिरव्या साडीत वर बसली. बायकांनी ओटी भरली, गाणी म्हणली, बोरीच्या बायकांनी विचारलं, कोणी केली हो बंगई? तर शिवकांतअप्पा जिंतूरच्या अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणले, आमच्या व्याह्यानं, स्वतःच्या हातानं. बन्सीधर आपल्या खुर्चीवर बसायला तयार नव्हते, म्हणून ती अप्पाला मिळाली. पाठीला भोक, त्यातून गार वारा यायचा. वाऱ्याचं तेवढं बन्सीधर खरं बोलले होते.

जेवणं झाली. ऊन पत्र्यावर तडतडायला लागलं. गाण्याच्या मधीच त्रिवेणीची मान साखळीला टेकली. ती झोपली, तोंड जरासं उघडं, लहानपणी बसमधी झोपायची तशी. आंब्याच्या लाकडानं आपलं काम केलं. व्याह्यानं ओठांवर बोट ठेवलं. गाणं बारीक झालं, आणखी बारीक झालं, नुसतं गुणगुणणं राहिलं, मग ते बी न्हाई. फक्त कड्या करकरायल्या.

बंगई थांबायला आली की लेक जागी होईल. अप्पा झोक्याच्या रेषेत न्हाई, बाजूला बसले होते, शेमला मांडीवर दाबून ठेवलेला. त्यांनी ती वाकडी प्लॅस्टिकची काठी उचलली, फळीच्या कडेला टेकवली आन हळूच ढकललं. परत ढकललं. हळूहळू अप्पाचे बी डोळे मिटले. काठी मात्र चालू राहिली, आन हात पार लांब होता.